तीन महिन्यांची साखर

आमच्या घरात दोन्ही वेळेला भात शिजायचा आणि सकाळच्या न्याहारीला तांदळाची भाकरी असायची. आय कशेळीची, खाडीकाठच्या आगरी घरातली. गव्हाची पोळी हे तिच्या लेखी आजाऱ्याचं नाहीतर पाहुण्यांचं खाणं. परातीत उकड मळून ती दोन तळव्यांत भाकरी फिरवत मोठी करायची, तेव्हा तिच्या हातांचा ओला, मऊ आवाज व्हायचा. तव्यावर सुकट परतलेली असायची, नाहीतर जवळ्याची चटणी, आणि बाबा अशा चार भाकऱ्या खाऊन कामावर जायचे. घर दोनच खोल्यांचं होतं. एके काळी आजूबाजूला मामाची शेती होती, माझ्या शाळेच्या वर्षांत ती गोडाऊनं झाली, आणि दोन गोडाऊनांच्या मधल्या पट्टीत आमचं घर दातात अडकलेल्या शितासारखं राहून गेलं. दिवसभर ट्रक मागे घेतानाची पींपीं, फळ्यांवर पडणाऱ्या गोण्यांचे धप्प आवाज, हमालांच्या हिंदीतल्या शिव्या. पाहुणे विचारायचे, अभ्यास कसा करतेस गं इथं? मला प्रश्नच कळायचा नाही. आज माझं घर शांत सोसायटीत आहे, आणि दुपारी जरा पडावं म्हटलं तर त्या शांततेनंच जाग येते.

बाबांचं नाव परशुराम. उंच, रुंद खांद्यांचे, आणि रंग असा की खाडीवर जन्म गेलेल्या आगऱ्यांच्या घोळक्यातही ते लांबून ओळखू यायचे. केस दाट, कुरळे, कंगव्याला दाद न देणारे. ते कर्नाटकातल्या यल्लापूरच्या पलीकडच्या जंगलातले सिद्दी. पिढ्यांमागे त्यांच्या माणसांना आफ्रिकेतून गलबतांवर भरून या किनाऱ्यावर आणलं, विकलं, आणि त्यातले जे सुटले ते रानात शिरले. एवढं मला आज माहीत आहे. तेव्हा घरात हा शब्दच उच्चारला जायचा नाही. बाबा पोरवयात लाकडाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून निघाले आणि भिवंडीला पोचून तिथंच राहिले. आयनं त्यांच्याशी लग्न केलं तेव्हा मामानं बोलणं टाकलं होतं. पुढं त्याला वळ गावच्या गोडाऊनांवर हमालांची टोळी सांभाळायला खात्रीचा माणूस हवा झाला आणि बोलणं आपोआप सुरू झालं. बाबा मुकादम झाले. गावात आयनं सांगून ठेवलं होतं, "आमचं हे कारवारी हायेत." कारवार कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते चालून गेलं. माझे केसही बाबांचेच. आय रोज सकाळी वाटीभर खोबरेल ओतून ते इतके घट्ट बांधायची की माझ्या भुवया वर ओढल्या जायच्या. मुंबईकडं आफ्रिकेतली माणसं दिसायला लागल्यावर एकदा भिवंडीच्या एसटी स्टँडवर हवालदारानं बाबांना अडवून हिंदीत पासपोर्ट मागितला. बाबा म्हणाले, "पासपोर्ट न्हाय साहेब, रेशनकार्ड हाय. दाखवू?" हवालदार हसला, आम्हीही हसलो. घरी आल्यावर बाबा जेवले नाहीत.

मी बारावी सायन्स करून भिवंडीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते, तेव्हा बाबांना तहान लागायला लागली. कळशीभर पाणी संपायचं. पँट कमरेत ढिली झाली. गल्लीतल्या डॉक्टरनं बोट टोचून साखर पाहिली, जास्त आहे म्हणाला आणि गोळ्या दिल्या. आयनं भात अर्धा केला. अर्धा भात म्हणजे काय ते आमच्या घरात बसून पाहायला हवं होतं. बाबा ताट पुढं ओढायचे, त्या लहानशा ढिगाकडं पाहायचे आणि जेवायला लागायचे. आय पाठ फिरवून उगाच चूल फुंकत बसायची.

पुढं वळच्या एका औषधांच्या गोडाऊनवर कामगारांसाठी मोफत तपासणी झाली. रक्त काढून मशीनवर तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगायचे. अशी तपासणी आमच्याकडं नवीनच होती. आठवड्यानं छापील कागद आला. मी तो वाचला. आकड्यासमोर लिहिलं होतं, नॉर्मल. शिबिरातला डॉक्टरही कागद पाहून म्हणाला होता, उत्तम आहे, काही नाही तुम्हाला. मी मोठ्या तोऱ्यात घरात जाहीर केलं की बोट टोचून येते ती त्या क्षणाची साखर, तिला काही अर्थ नसतो. ही तीन महिन्यांची, ही खरी. "बाबा, गोळ्या बंद करा. उगाच कशाला शरीरात विष?"

आय मोरीच्या दाराशी उभी होती. म्हणाली, "कागदाव लिवलंय ते खरं असंल गो जयू. पन मोरीन मुंग्या कनाला लागतान मंग? हे मुतून आले का रांग लागते."

"आय, मुंग्या काय कशालाही लागतात."

"मना लिवता-वाचता येत न्हाय, पन मुंगीला तर साखर कलते."

मी हसले. बाबाही हसले, कारण लेक शिकलेली होती आणि तिच्या हातात छापील कागद होता. त्यांनी गोळ्यांची पट्टी पत्र्याच्या डब्यात टाकली. त्या रात्री आयनं गुळाचे घारगे केले आणि बाबांच्या ताटातला भात पूर्ववत झाला. एवढा सुखी चेहरा मी त्यांचा नंतर फारसा पाहिला नाही. ते हसणं मात्र मी आयुष्यभर वागवलंय. आता वयानं पुष्कळ गोष्टींची धार गेली आहे, याची नाही.

चारेक महिन्यांनी त्यांच्या उजव्या पायाच्या तळव्यात फळीचा खिळा घुसला आणि तो त्यांना कळलाच नाही. संध्याकाळी चप्पल काढताना आयला रक्त दिसलं. जखम बरी होईना. हळद झाली, मलम झालं. गल्लीतल्या डॉक्टरकडं चला म्हटलं की बाबाच म्हणायचे, साखर तर नॉर्मल हाय, जखमच हाय, भरंल. माझंच वाक्य ते माझ्याच आवाजात बोलायचे. पायाला चिंध्या बांधून, वर प्लॅस्टिकची पिशवी चढवून ते कामावर जात राहिले.

अशा दिवसांत एका सकाळी एक बाई आमच्या दारात आल्या. साधी सुती साडी, खांद्याला शबनम, पन्नाशीच्या आतबाहेर. डॉक्टर अनघा असं नाव सांगितलं. आफ्रिकी वंशाच्या लोकांत मधुमेह आणि हृदयाचे आजार कसे येतात, त्यांच्या रक्तात, दाबात, साखरेत काही वेगळं असतं का, याचा त्या अभ्यास करत होत्या. परदेशात यावर काम झालंय, म्हणाल्या, पण आपल्याकडच्या सिद्दी माणसांकडं कुणी पाहिलेलंच नाही. वळला माल घेऊन येणाऱ्या हुबळीच्या एका ड्रायव्हरनं त्यांना बाबांचं नाव सांगितलं होतं. दाराबाहेर मामाचे दोन हमाल उभे होते. सिद्दी हा शब्द त्या बाईंनी सरळ, मोकळ्या आवाजात उच्चारला, आणि आय पुढं होऊन म्हणाली, "आमी कारवारी हाव."

बाबा खाटेवर बसले होते. मग म्हणाले, "बाई, मी पोर होतो तवा आमच्या वस्तीवं साहेब आलते. लोखंडाचा चिमटा होता त्यांच्याकं. डोकी मापली, नाकं मापली, ओठ मापले. माझ्या आयेला उन्हात उभी करून फोटो काढला. काय मापलं, कशाला मापलं, परत कोन सांगाया आला न्हाय. आता तुमाला रक्त पायजे."

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "मलाही रक्तच हवंय." त्यांनी सारवासारव केली नाही. जायला उठल्या, आणि तेव्हा त्यांची नजर बाबांच्या पायावरच्या पिशवीवर पडली. "हे काय झालंय?"

"खिळा. भरत आलाय."

त्या जमिनीवर बसल्या, विचारूनच पिशवी सोडली, चिंध्या उलगडल्या. खोलीत वास पसरला. त्या वासाची आम्हाला सवय झाली होती हे मला त्यांचा चेहरा पाहून कळलं. त्यांनी शबनममधून छोटं मशीन काढलं आणि बाबांचं बोट टोचलं. मशीनवर आकडा आलाच नाही, दोन इंग्रजी अक्षरं आली. त्याचा अर्थ साखर इतकी जास्त की मशीनला मोजता येत नाही. मी धावत जाऊन तो छापील कागद आणला. "पण हे बघा ना, तीन महिन्यांची नॉर्मल आहे!"

बाईंनी कागद वाचला, मग माझ्याकडं पाहिलं. मी सायन्सला आहे हे त्यांना आयनं आल्याआल्याच सांगितलं होतं. वर्गात समजावतात तसं त्या शांतपणे बोलल्या. ही तपासणी रक्तातल्या लाल पेशींवर चिकटलेली साखर मोजते. पेशी तीनेक महिने जगते असं तिनं गृहीत धरलेलं असतं. पण काही माणसांच्या पेशी जन्मतःच वेगळ्या असतात, लवकर मोडतात. मग साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. आफ्रिकी वंशाच्या लोकांत हे पुष्कळदा सापडतं, इथल्या आदिवासींतही सापडतं. "ज्यानं कागद दिला त्याला हे विचारायचं सुचलं नाही. तुमचे वडील कोण, कुठले, हे माहीत असतं तर कदाचित सुचलं असतं." मग बाबांकडं वळून म्हणाल्या, "साखर आधी कुणी तपासली नव्हती का? गोळ्या नव्हत्या?"

"होत्या."

"मग कुणी बंद केल्या?"

आय माझ्याकडं पाहत होती. बाबांनी पाय जरा आत घेतला आणि म्हणाले, "मीच केल्या. भात खावासा वाटत होता."

त्याच दिवशी मामाच्या टेम्पोतून त्यांना ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. दोन बोटं आणि तळव्याची कड कापावी लागली. आणखी उशीर झाला असता तर पाय गुडघ्यापर्यंत गेला असता, असं तिथले डॉक्टर म्हणाले. अनघाबाई तीनदा येऊन गेल्या. बाबांच्या पेशी त्यांनी तपासून घेतल्या. दोष होता, आणि अर्ध्या वाट्यानं तो माझ्याकडंही आला होता. वॉर्डात नर्स केसपेपर भरत होती. गाव विचारलं, बाबांनी कशेळी सांगितलं. मग बाबा आपणहून म्हणाले, "आनि लिवा, सिद्दी." नर्सनं विचारलं, "ते कशाला?" ते म्हणाले, "लिवा. औषधाला लागतं." आय शेजारी मोसंबं सोलत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा सोलायला लागली. गावात कारवारी हा शब्द त्या दिवसापासून बंद झाला. नंतर महिनाभर दोन-चार बायका आमच्या दारावरून मान वळवून गेल्या, पुढं त्यांनाही कंटाळा आला.

घरी आल्यावर बाबा सुई टोचून घ्यायला शिकले. मी त्यांच्याशी धड बोलू शकत नव्हते. एकदा धीर करून म्हटलं, "बाबा, त्या दिवशी तुम्ही खोटं का सांगितलंत? मी बंद केल्या होत्या गोळ्या." ते इन्सुलिनची बाटली तळव्यात फिरवत होते. म्हणाले, "तू कागद वाचलास. कागद खोटा होता. तुज्या बापानं आपन कोन ते लपवलं म्हनून खोटा होता. आता मोज, कोनाचा किती वाटा ते. मना दमायला होतं गो." मी ते कधी मोजलं नाही. मलाही दमायला होतं.

कुबडीवर चालायला लागल्यावर बाबांनी अनघाबाईंना निरोप पाठवला की वस्तीवर मी नेतो. एकच अट घातली: ज्याचं रक्त घ्याल त्याला त्याचा कागद मिळाला पाहिजे, आणि तो कुणीतरी वाचून दाखवला पाहिजे. बाईंनी हातावर हात ठेवून कबूल केलं. मला त्यांनी मदतनीस म्हणून घेतलं. मी बाबांचं गाव पहिल्यांदा पाहिलं ते असं, रक्ताच्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवताना. सुपारीच्या बागांपलीकडं लाल मातीची वस्ती, कुडाच्या भिंती, आणि माझ्यासारख्या केसांच्या कितीतरी बायका. कुणीही केस घट्ट बांधलेले नव्हते. लोक आधी मागे सरले. ज्याचा त्याचा कागद परत आणून वाचून दाखवू, असा बाबांनी त्यांना शब्द दिला. मग तिमा पुढं आला. तो बाबांच्या बरोबरीचा, लहानपणी दोघं मिळून मध काढायचे. त्यानं बाही वर केली आणि आमच्याकडं पाहून त्यांच्या कोकणीत काहीतरी बोलला. सगळे हसले. बाबांनी अर्थ सांगितला: "म्हनतो, परश्याचा पाय घेतला, माझं थोडं रक्त घेतलंत तर काय बिघडलं." त्याच्या मागून रांग लागली. त्याची बायको नागी तेवढी दूर बसून राहिली, सुईला घाबरून.

त्यानंतर महिने गेले. मग पोस्टानं एक जाड पाकीट आलं. आत प्रत्येकाच्या नावाचे लहान लखोटे आणि अनघाबाईंचं पत्र. अभ्यासाचा निधी थांबला होता, त्यांची बदली झाली होती, आणि त्यांच्या यजमानांना पक्षाघात झाला होता, त्यामुळे निघणं शक्य नव्हतं. शब्द मोडते आहे, क्षमा करा, असं लिहिलं होतं. साखर मोजायचं एक मशीन आणि सुयांची डबीही त्यांनी पाठवली होती. मी पत्र वाचून दाखवलं. बाबा रागावतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "तिनं निदान लिवलं तरी. चल, आपन जाव."

"तुमच्या पायानं? एवढ्या लांब?"

"पाय माझा हाय. शब्द मी बी दिलता."

आयनं भाकऱ्या बांधून दिल्या, मशीन आणि सुयांची डबी मी लखोट्यांसोबत पिशवीत घेतली. एसटीनं, दोन ठिकाणी गाड्या बदलत गेलो. शेवटची वाट पायी होती. बाबा दर शंभर पावलांवर थांबायचे, कुबडी झाडाला टेकवायचे आणि लखोट्यांची पिशवी चाचपून पाहायचे. वस्तीवर आम्ही घरोघर गेलो. मी मराठीत वाचायची, बाबा त्यांच्या भाषेत सांगायचे. बहुतेकांचं ठीक होतं. काहींचा दाब जास्त होता, काहींची साखर. त्यांना बाबा आपला पाय उघडून दाखवायचे आणि तालुक्याच्या दवाखान्यात काय सांगायचं ते पाठ करून घ्यायचे. आधी सांगा आपण सिद्दी, मग सांगा तीन महिन्यांच्या कागदावर जाऊ नका, बोट टोचून बघा. म्हाताऱ्यांकडून, बायांकडून ते शाळेच्या मास्तरसारखं दोन-दोनदा वदवून घेत होते.

तिमाचं घर सगळ्यांत शेवटी, ओढ्यापलीकडं होतं. नागी अंगणात सुपाऱ्या सोलत होती. गळ्यात मणी नव्हते. बाबांना ते माझ्याआधी दिसलं आणि ते उभ्या जागी थांबले. तिमा पावसाळ्यात गेला होता. आधी खूप पाणी प्यायचा, मग नुसता झोपून राहायला लागला, आणि एक दिवस उठवला तर उठला नाही. मी लखोटा पिशवीत परत सरकवायला लागले. नागीनं तो पाहिला होता. ती हात न पुसताच म्हणाली, "वाच."

मी बाबांकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी वाचलं. तिमाची साखर फार होती, उपाशीपोटीसुद्धा फार. बाबांनी ते तिला सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही. ती म्हणाली, "हे आधी कळलं असतं तर?"

बाबा उंबऱ्यावर बसले. इतक्या वाटेत ते बसले नव्हते. "जगला असता बहुतेक," ते म्हणाले. "आम्हाला उशीर झाला, नागी."

ओढ्याचा आवाज येत होता. तिनं उठून आम्हाला पाणी दिलं, आत गेली, चुलीवर भात चढवला आणि परत येऊन पुन्हा सुपाऱ्या सोलायला लागली. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. इतक्या वर्षांनी, इतक्या हजारो माणसांची रक्तं काढून झाल्यावर, आजही कुणा नातेवाइकाच्या हातात उशिराचा रिपोर्ट देताना मला तसंच वाटतं. तरी मी जागेवरून हलत नाही. ते त्या अंगणात शिकले. भाताला उकळी फुटली तेव्हा नागीनं सूप बाजूला सारलं, हात धुतले, पदराला नीट पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली. तोपर्यंत मी फक्त चिठ्ठ्या लावल्या होत्या, स्वतः कुणाला सुई टोचली नव्हती. तिनं डोळे मिटून हात पुढं केला.

"माझं राहिलं होतं," ती म्हणाली. "आता घे."